कोडं घालणारे आणि उकलणारे

स्मरणिका समितीने लेख मागताना एकच अट घातली: "आठवणी नकोत, तसे वीस लेख आलेत." म्हणून शाळेच्या खिडक्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा आणि पाटीवरचा मार हे सगळं इतरांवर सोपवून मी एका वेगळ्याच विषयाचा इतिहास लिहायला घेतलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कसारा लोकलमध्ये इंग्रजी पेपराची घडी मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं आहे आणि विचारलंही आहे, "हे नक्की काय करतेस गं तू?" मी तेव्हा "शब्दकोडं" एवढंच सांगते. पण ते आपल्या रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं नव्हे. त्याला इंग्रजीत क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. मराठीत त्याला चांगलं नाव आहे, कूट.

नेहमीच्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो आणि शब्द मागितलेला असतो. 'कमळ' असं लिहिलंय आणि तीन घरं आहेत, तर पंकज, राजीव की नीरज एवढाच प्रश्न. कूटकोड्यात दिलेलं वाक्य सरळ वाचलं तर भलतीकडे नेतं. ते एक वाक्य नसतंच, दोन सूचना एकमेकींना चिकटवलेल्या असतात. एका टोकाला उत्तराचा अर्थ, आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराच्या अक्षरांची कृती. सांधा कुठे आहे हे लपवणं हे रचणाऱ्याचं काम, तो शोधणं सोडवणाऱ्याचं.

एक उदाहरण आधी देते, मग इतिहास. उदाहरणं सगळी मीच रचलेली आहेत, आणि आपल्याच भागातली.

"शोधू जाता न सापडे, पण पोटात आहे तलाव." तीन अक्षरं.

वाक्य वाचून आपण एखाद्या हरवलेल्या तळ्याचा विचार करू लागतो. तो सोडा. शेवटचा शब्द 'तलाव' हा अर्थ. 'पोटात' हा इशारा: उत्तर आधीच्या शब्दांच्या पोटात आहे. 'जाता न सापडे' ही अक्षरं सलग वाचा. जा-ता-न-सा-पडे. तानसा! १८९२ मध्ये पूर्ण झालेलं, शहापूर तालुक्यातलं, मुंबईला पाणी पाजणारं आपलं तानसा. शोधू जाता न सापडे असं वाक्यच सांगत होतं, आणि तलाव त्याच तीन शब्दांत बसला होता.

आता लक्षात घ्या, मी उत्तर सांगितल्यावर तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागला नाही. तुम्ही स्वतः अक्षरं मोजून खात्री केलीत. या लेखात मला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे, ते पुढे येईलच.

हा प्रकार साहेबाने शोधला असं समजायचं कारण नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत 'प्रहेलिका' आहे, म्हणजे कोडी घालणं आणि सोडवणं ही नागरिकाला यावी अशी कला. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले, आणि त्यांचा उपयोगही सांगितला: चार रसिक जमले की करमणूक म्हणून, गर्दीत गुपित बोलायला म्हणून, आणि समोरच्याला चकवायला म्हणून. ज्या कोड्याचं उत्तर प्रश्नाच्याच अक्षरांत दडलेलं असतं त्याला संस्कृतात अंतर्लापिका म्हणतात, आणि ज्याचं बाहेरून आणावं लागतं त्याला बहिर्लापिका. वरचं तानसा ही अंतर्लापिका झाली.

महाभारताची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. लेखनिक गणपतीची अट होती की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मग अधूनमधून कूटश्लोक घालून ठेवले. गणपती विचारात पडेपर्यंत व्यास पुढचे श्लोक रचून मोकळे. परंपरा हा आकडा ८,८०० सांगते. (आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात.) संस्कृत घेतलेल्यांना केशव पडल्याचा तो कूटश्लोक आठवत असेल. त्यातला केशव हा कृष्ण नव्हेच. 'के' म्हणजे पाण्यात आणि 'शव' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, म्हणून त्याला आनंद. कौरव म्हणजे कर्कश ओरडणारे कोल्हे, प्रेत पाण्यात वाहून चाललं म्हणून ते रडतायत. शब्द मधूनच कापायचा आणि विशेषनाम हे विशेषनाम नाहीच असं धरायचं, या दोन युक्त्यांवर लंडनच्या पेपरातले कोडेकार आजही पोट भरतात.

मराठीत हा धागा कधी तुटला नाही. महानुभावांनी चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या केल्या आणि आपले ग्रंथ त्यांत ठेवले. बाहेरच्यांना ते वाचता येईना, इतके की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्या दालनाची किल्ली मिळाली. मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग आणि नाथांची भारुडं तुम्ही ऐकलेली आहेत. त्यांत शब्दाची फोड नाही, पण वरचा अर्थ वेगळा आणि आतला वेगळा ही रीत तीच. आणि मोरोपंत! या गृहस्थांनी १०८ रामायणं रचल्याचं सांगतात, त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर नाही. जरा विचार करा, ज्याचं रामायण सांगायचं त्याच्या नावात 'म' आहे. म्हणजे नायकाचं नाव न घेता सगळी कथा. लग्नात नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांनाच हे जमलं असतं.

आज्यांवरून आठवलं. 'उखाणा' या शब्दाचा मूळ अर्थ कोडं असाच आहे. नाव घेण्याचा उखाणा ही पुढची गोष्ट. कोकणात हुमाण, वऱ्हाडात आन्हा, कुठे आहणा, कुठे नुसतं कोडं. आपल्याकडे आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपं लावताना, किंवा रात्री अंगणात भात झोडताना, ही कोडी चालत. ठाकरवाड्यांवरून आणि कातकरी वस्त्यांवरून चालत येणारे आपले वर्गमित्र आठवा. प्रमाण मराठीच्या पेपरात त्यांची धडगत नव्हती. पण ऑफ तासाला कोडी सुरू झाली की पहिल्या बाकावरची आम्ही मंडळी गप्प. लांब दाढीमिशांचा पाटील म्हणजे मक्याचं कणीस, हे मला पुस्तकातून नाही, शेवटच्या बाकावरून कळलं. वस्तूचं नाव न घेता तिचं असं वर्णन करायचं की ऐकणाऱ्याला आधी माणूस दिसावा आणि मग कणीस, याला भाषेची फार वरची जाण लागते. ती मोजायचं माप आपल्या प्रगतिपुस्तकात नव्हतं, एवढंच.

लोककोडं आणि कूट यांत फरक मात्र आहे. लोककोडं वस्तूवर चालतं, कूट शब्दावर. कणसाचं कोडं इंग्रजीत सांगितलं तरी सुटेल. तानसाचं सुटणार नाही.

आता चौकोनाकडे. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन नावाच्या, मूळ लिव्हरपूलच्या संपादकाने हिऱ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. तेच पहिलं क्रॉसवर्ड मानतात. अमेरिकेत त्याची साथ पसरली, १९२४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, आणि तिथून ते इंग्लंडला गेलं. कूटवळण लागलं ते इंग्लंडात. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइज मेदर्स 'टॉर्क्वेमादा' या टोपणनावाने कोडी रचू लागला. टॉर्क्वेमादा म्हणजे स्पेनमधला पाखंड्यांचा छळ करणारा धर्मन्यायाधीश. नावावरूनच हेतू कळतो. १ फेब्रुवारी १९३० पासून 'टाइम्स'नेही रोजचं कोडं सुरू केलं. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कला जर्मन संदेश उकलण्याच्या कामावर बोलावण्यात आलं, ही हकीकत संगणकवाल्यांत फार लाडकी आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एका शाळामास्तराची कामगिरी. त्याचं नाव डी. एस. मॅकनट, १९३९ मध्ये टॉर्क्वेमादा वारल्यावर त्याने 'झिमेनेस' हे दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचं नाव घेऊन ती जागा चालवली. पण छळाला त्याने नियम घातले. प्रत्येक सूचनेत अर्थ हवा, कृती हवी, आणि तिसरं काहीही नको. १९६६ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. त्याच्याही आधी 'अफ्रित' या टोपणनावाच्या कोडेकाराने १९४९ मध्ये थोडक्यात सांगितलं होतं की रचणाऱ्याने वाचकाला खुशाल चकवावं, पण व्याकरणाने पाहता वाक्यातून उत्तर निघालंच पाहिजे. चकवणं आणि फसवणं यांतली रेघ ती हीच.

ही रेघ किती महत्त्वाची हे आपल्याच राज्यात कोर्टात ठरलंय, आणि ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, चौकोन भरून पाठवायचा, आणि अधिकृत उत्तराशी जुळलं तर मोठी रक्कम. अशा कोड्यांत एका जागी बसतील असे दोन शब्द असत, एका अक्षराच्या फरकाचे, आणि दोन्ही पटण्यासारखे. बरोबर कोणता? जो संयोजकाने आधी ठरवून ठेवलाय तो. मुंबई सरकारने १९४८ चा कायदा आणि त्यात १९५२ ची दुरुस्ती करून यावर नियंत्रण आणि कर आणला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स' ही स्पर्धा तेव्हा बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चाले, पण तिचे हजारो स्पर्धक मुंबई राज्यातले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला: महिन्याला एकूण बक्षीस हजार रुपयांपर्यंत आणि एका स्पर्धेला प्रवेशिका दोन हजारांपर्यंत. ९ एप्रिल १९५७ ला न्यायालयाने निकाल दिला की ज्या स्पर्धेचं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच आहे, आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. आज मोबाइलवरच्या खेळांचे खटले चालतात तेव्हाही वकील हाच निकाल काढतात.

म्हणजे कोड्याला कोडं म्हणायचं की मटका, हे ठरतं ते उत्तर कशाच्या जोरावर बरोबर आहे यावर. पाकिटात बंद आहे म्हणून बरोबर, की सूचनेतूनच सिद्ध होतं म्हणून बरोबर? चांगल्या कूटाला पाकीट लागत नाही.

ही सिद्ध करायची रीत कशी चालते याचा सर्वांत देखणा दाखला मला इंग्लंडात नाही, मुरबाडच्या डोक्यावर सापडतो. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलेले आपल्यात पुष्कळ आहेत. वरच्या लेण्यातला तो लांबलचक ब्राह्मी लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घराण्याचा. भाषा प्राकृत. यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दान दिले, याची नोंद. १८२८ मध्ये सायक्सने तो पाहिला तेव्हा तो वाचता येणारा माणूस पृथ्वीवर नव्हता. लिपीच विसरली गेली होती.

ती उकलली कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने, १८३७ मध्ये. त्याच्या हाती सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख आले. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. स्तूपाच्या कठड्यावर सगळेच काय लिहितील? अमक्याचं दान. म्हणजे शेवटचा शब्द 'दानं'. द मिळाला, न मिळाला. त्याच्याआधी वारंवार येणारं अक्षर हा षष्ठीचा प्रत्यय असणार, म्हणून स मिळाला. ही अक्षरं इतर लेखांत टाकली की अर्धी नावं दिसू लागली, आणि नावांनी आणखी अक्षरं दिली. उभा शब्द आडव्याला अक्षर देतो आणि आडवा उभ्याला, तसं. प्रत्येक नवं वाचन जुन्याला एक तर पुष्टी देतं किंवा खोटं पाडतं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटचा लेख वाचला, आणि त्यातल्या दानांच्या संख्यांवरून प्राचीन आकड्यांची चिन्हं लावली. त्याच लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, जेमतेम पावलांच्या खुणा उरल्यात; वर कोरलेली नावं मात्र शाबूत आहेत. आपण सहलीला गेलो तेव्हा सगळ्यांनी त्या दगडी रांजणात डोकावून पाहिलं, जकातीचा म्हणतात तो. लेखाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सरांनी दाखवायचा प्रयत्न केला होता, हे नमूद करते.

जकातीवरून: "सरकारने मागितलेला हात." दोन अक्षरं. हा श्लेष. सरकार मागतं तो कर, आणि हात म्हणजेही कर. इथे कृती वगैरे काही नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत आणि 'मागितलेला' या शब्दाने ते एकमेकांत अडकवले आहेत, इतकंच.

आता नव्याने सोडवणाऱ्यांसाठी आणखी काही रीती. पेन्सिल घ्या.

"नदी उलटी वाहिली, बिचारा!" दोन अक्षरं. उलटं वाहणं म्हणजे अक्षरं उलट वाचणं. न-दी चं दी-न. दीन म्हणजे बिचारा. स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह यांच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करायचं, ती फक्त दिशाभूल करायला असतात.

"माघारचं डोकं उडवलं, आकाशात गेली." दोन अक्षरं. डोकं म्हणजे पहिलं अक्षर. 'मा' गेला, घार उरली.

"आधी बसायला जागा, मग खेडं: लोकल इथे थांबते." पाच अक्षरं. बसायची जागा म्हणजे आसन, खेडं म्हणजे गाव. आसनगाव. संध्याकाळच्या लोकलने उभ्याने आलेल्यांना यातला विनोद वेगळा सांगायला नको.

"'करा'च्या पोटी पहिला सूर, पुढे लोकल नाही." तीन अक्षरं. पहिला सूर 'सा'. तो 'करा'च्या मध्ये बसवा. कसारा.

अक्षरांची उलथापालथ हा इंग्रजी कोड्यांचा आवडता प्रकार, पण मराठीत तो जपून वापरावा लागतो. 'विकता' विस्कटली की 'कविता' होते, हे ठीक. वि, क, ता ही तीन अक्षरं जशीच्या तशी राहून जागा बदलतात. पण 'नवरा' विस्कटून 'वानर' होतो का? माझ्या मैत्रिणींचा एकमुखी होकार आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, तिथे हे सहज चाललं असतं. आपल्याकडे काना 'रा'वरून सोडवून 'वा'ला लावावा लागतो. चौकोनाच्या एका घरात आपण पूर्ण अक्षर लिहितो, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही. संगणकाला हे पटत नाही. त्याच्या लेखी 'क्षमा' हा शब्द पाच चिन्हांचा आहे, क, हलन्त, ष, म आणि काना. मी स्वतःसाठी कोडी जुळवायचा छोटा प्रोग्राम लिहिला तेव्हा पहिलं काम हेच होतं, त्याला आपल्यासारखं मोजायला शिकवणं, म्हणजे 'क्षमा' दोन. त्यामुळे माझ्या नियमात वानर बसत नाही. नवऱ्यांनी आभार मानावेत.

याच्या उलट, आपल्याकडे एक युक्ती अशी आहे की जी इंग्रजी कोडेकाराच्या स्वप्नातही येणार नाही: संधी. "ज्ञान आणि घर, संधी मिळाली की आपण सगळे तिथलेच." चार अक्षरं. विद्या अधिक आलय, आ अधिक आ, सवर्णदीर्घ. विद्यालय. व्याकरणाच्या तासाला जे पाठ करताना जीव जात होता ते असं कामी येतं. 'संधी' या शब्दाला दोन अर्थ असल्यामुळे इशाराही आयता मिळतो.

मराठी पेपरांतली कोडी बहुतांशी अर्थ देऊन शब्द मागणारीच राहिली. इंग्रजीत मात्र आपल्या देशातही ही परंपरा रुजली; 'हिंदू'साठी सत्तरच्या दशकात कोडी रचणारे गृहस्थ म्हणजे ॲडमिरल कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. दंडीचे सोळा प्रकार, मोरोपंतांची कसरत, श्लेषाची आपली हौस, एवढं भांडवल असलेल्या भाषेत रोजचं कूटकोडं का नसावं? माझं मत विचाराल तर, समजावून सांगणारे कमी पडले.

आणि हा वाद जुना आहे. भट्टी नावाच्या कवीने आपल्या महाकाव्याच्या शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हटलंय की हे काव्य टीकेच्या साहाय्यानेच कळण्यासारखं आहे, बुद्धिमंतांना हा उत्सव आहे, मंदबुद्धीची माणसं इथे मेलीच म्हणा. भामह या काव्यशास्त्रकाराने त्याच मुद्द्यावर उलट बाजू मांडली: काव्यही शास्त्रासारखं टीका घेऊनच वाचावं लागणार असेल, तर मग हुशारांचाच उत्सव, बाकीचे बिचारे मेले! शब्द जवळजवळ तेच, पण एकाला त्याचा अभिमान, दुसऱ्याला त्याची हळहळ. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

मी कॉलेजात पोचले तेव्हा होस्टेलच्या वाचनालयात रोज संध्याकाळी पाच-सहा मुलींचं टोळकं इंग्रजी कोडं सोडवायला बसे. सगळ्या शहरातल्या. मी मागे उभी राहून पाहत असे. एक शब्द भरला की हशा पिके, आणि "कसं आलं?" विचारलं की उत्तर मिळे, "इट्स ऑब्व्हियस." वर्षभर मला वाटत राहिलं की हे इंग्रजी चांगलं असणाऱ्यांचं काम आहे, शहापूर-मुरबाडकडून आलेल्यांचं नव्हे. पहिल्या नोकरीत एका वयस्क तमिळ सहकाऱ्याने एका जेवणाच्या सुट्टीत मला चार सूचना फोडून दाखवल्या, अर्थ इथे, इशारा इथे, सांधा इथे. वीस मिनिटं लागली. पाचवी मी सोडवली. शेवटच्या बाकावरून ऐकलेली कोडी आणि व्याकरणाच्या तासाची शब्दांची फोड, एवढी शिदोरी त्याला पुरली. इंग्रजी माझं त्या वीस मिनिटांत सुधारलं नव्हतं.

म्हणून मी कोडं सोडवते तेव्हा शेजारचा पाहत असेल तर फोड करून सांगते. "सांगितलं की मजा जाते" असं म्हणणारे भेटतात. मला अनुभव उलटा आहे. जादूचा प्रयोग उघड झाला की संपतो. कूट उघड झालं की पाहणाऱ्याला दुसरं हवं असतं. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर हे तातडीचं झालंय. निम्म्यांची मुलं इंग्रजी शाळेत. त्यांना 'आवणी' माहीत नाही आणि 'कार्षापण' तर नाहीच, पण 'दीन' आणि 'कर'सुद्धा अडतात. त्यांना शब्दांची यादी पाठ करायला दिली तर पळतील. माझ्या भाचीला मी 'नदी उलटी वाहिली' घातलं. तिने 'दीन' काढला, मग विचारलं, "दीन म्हणजे काय?" उत्तर आधी, अर्थ मागून. अक्षरांनी तिला शब्दापर्यंत नेलं. शब्दकोशाला हे जमलं नसतं.

समितीने संमेलनाच्या दिवशी सभागृहाबाहेरची एक भिंत मला दिली आहे. तिथे पंधरा बाय पंधराचा चौकोन लावणार आहे, सगळ्या सूचना आपल्या दोन तालुक्यांतल्या, खडू बांधलेला असेल. गटाने सोडवायचं, आणि जो शब्द भरेल त्याने शेजारच्याला फोड करून सांगायची, ही अट. बक्षीस नाही, १९५५ चा कायदा आहे.

सरावासाठी तीन इथे देते. उत्तरं छापलेली नाहीत, कारण वर म्हटल्याप्रमाणे लागत नाहीत.

जेवणात पांढरा ढीग, मग पहिला सूर. मुंबईची तहान भागते. (३)

बादशहाच्या मागोमाग आलं नदीचं उधाण, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर. (४)

अणकुचीदार भाग प्रिय वाटे, संधी साधा, माळशेजच्या वाटेवर भेटेल. (४)